गाडी खंय आसा? कोकणातल्या घरात सिम रेसिंग सुरू करताना

खोक्यातून खेळायचं स्टिअरिंगचं चाक काढून टेबलाला आवळलं तेव्हा आजी दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "चाक हाडलंस ता बरा केलंस, पण गाडी खंय आसा?"

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. गाडी कॉम्प्युटरच्या आत असते, सिममध्ये, म्हणजे खऱ्या गाडीसारखा वागणाऱ्या शर्यतीच्या खेळात. टायर किती तापला, रस्त्याला किती चिकटला, वजन पुढे गेलं की मागे, याचा हिशेब सिम सेकंदाला शेकडो वेळा करतं आणि त्यातला काही भाग मोटरच्या ओढीने तुमच्या हातात पाठवतं. ट्रॅकही मनाने काढलेले नसतात. मोंझा, इमोला, स्पा असे बरेच ट्रॅक लेझरने मोजून घेतलेले आहेत, त्यामुळे खऱ्या डांबरावरचा उंचवटा चाकात जाणवतो. जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश पोरगा २०११ मध्ये ग्रान तुरिस्मो हा प्लेस्टेशनवरचा गाड्यांचा खेळ खेळून निसानच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत खऱ्या गाडीत बसला. आपल्याला तिथे जायचं नाहीये. रात्री जेवणं झाल्यावर तासभर गाडी पळवायची आहे.

मी कुडाळजवळ राहतो. मुंबई-पुण्याकडच्या लोकांचे सल्ले वाचून सुरुवात केली आणि माझ्या निम्म्या चुका तिथूनच आल्या. त्यांच्याकडे वादळात चार दिवस लाईट जात नाही, चाकाच्या चामड्यावर बुरशी धरत नाही. ते आधी चाक घ्या म्हणतात. मी क्रम उलटा सांगतो: पैसे घालायचे ते आधी विजेवर, मग पायांवर, म्हणजे पेडल आणि बसायच्या जागेवर, चाकावर सगळ्यात शेवटी.

पहिलं काम विजेचं

चांगला कॉम्प्युटर शर्यत चालू असताना ३०० ते ४०० वॅट खातो. दुकानदार "कॉम्प्युटरला चालतो" म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस हातात ठेवतो. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॅट. लाईट गेल्यावर तो एक तर लगेच मान टाकतो, नाहीतर दोन-चार मिनिटं कण्हतो. १००० व्हीएच्या खाली जाऊ नका, आणि यूपीएसच्या पेटीवर 'प्युअर साइन वेव्ह' लिहिलंय का ते बघा. आजकालचे काही पॉवर सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरीवर अडून बसतात, लाईट गेली की यूपीएस चालूच राहतो आणि कॉम्प्युटर बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण 'यूपीएस मोड'ला आहे का तेही तपासा. साध्या मोडवर तो इतका सावकाश बदलतो की पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटरला कळतं.

राउटरही यूपीएसवर घ्या. हे मला तिसऱ्या शर्यतीत समजलं. गाडी व्यवस्थित चालू होती, फक्त तिच्या आजूबाजूला कोणी उरलं नव्हतं.

मग अर्थिंग. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, दगड कोरडा पडला की तर नाहीच. कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खेळ थांबवून वायरमनला बोलवा. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. ते काम आमच्याकडे अबोलीच्या झाडांना पाणी घालतानाच होतं.

मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात विजा चमकू लागल्या की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि तिथून लॅनच्या वायरने कॉम्प्युटरपर्यंत पोचते. म्हणून लॅनची वायरही काढायची.

कॉम्प्युटर की प्लेस्टेशन

घरात प्लेस्टेशन ५ असेल तर दुसरं काही बघू नका, ग्रान तुरिस्मो ७ घ्या. एक अडचण मात्र आधीच सांगतो. त्याचे बहुतेक विभाग इंटरनेट असल्याशिवाय उघडत नाहीत. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की तुम्ही पण बसलात.

कॉम्प्युटर असेल तर असेटो कोर्सा घ्या. २०१४ चा इटालियन सिम आहे, जुना आहे, आणि म्हणूनच ४ जीबीच्या जुन्या ग्राफिक्स कार्डवरही पळतो. सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळतो आणि इंटरनेट नसताना एकट्याने खेळता येतो. कोकणात हा शेवटचा गुण पहिला मोजावा. लोकांनी बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक त्याच्यासाठी ढिगाने आहेत. त्याचाच मोठा भाऊ असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने मुख्यतः जीटी गटाच्या, म्हणजे स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या देतो, पण त्याला कार्डही दणकट लागतं.

आयरेसिंग हा ऑनलाइन सिम २००८ पासून आहे आणि ऑनलाइन शर्यतीची शिस्त तिथे सर्वांत कडक. पण वर्गणी डॉलरमध्ये, वर गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यायचे. पहिल्या सहा महिन्यांत त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. पगार मुंबईचा असेल तर गोष्ट वेगळी.

चाक

बाजारात तीन जाती आहेत. गिअरवर चालणारं, पट्ट्यावर चालणारं आणि डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच्या दांड्यालाच चाक बसवलेलं. लॉजिटेकचं जी२९ पहिल्या जातीचं आहे. प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटर दोन्हीला चालतं, ९०० अंश फिरतं, सोबत क्लचसकट तीन पेडल येतात. गिअरचा दांडा मात्र वेगळा घ्यावा लागतो. एक्सबॉक्सवाल्यांसाठी त्याचाच जोडीदार जी९२० आहे. या दोघांची ओढ दोन न्यूटन-मीटरच्या थोडी वर. मोझाचं आर५ हे डायरेक्ट ड्राइव्ह ५.५ न्यूटन-मीटर देतं आणि आवाजही करत नाही, पण पैसे जवळपास दुप्पट मोजावे लागतात. रात्री अकरा वाजता माळ्यावर गिअरच्या चाकाची खडखड खाली झोपलेल्यांना ऐकू येते, हा खर्च कुठल्याच तक्त्यात धरलेला नसतो.

चार-पाच हजारांची, रबराच्या ताणाने मध्ये येणारी चाकं दिसतात. ती घेऊ नका. त्यांच्यात फोर्स फीडबॅक नसतो, म्हणजे टायर सुटतोय हे हाताला कळत नाही. त्यापेक्षा साधा गेमपॅड बरा. गेमपॅडवर वर्षभर खेळून मग चाक घेतलेली माणसं मला ठाऊक आहेत आणि ती माझ्यापेक्षा वेगवान आहेत.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर गणपतीची वाट बघा. एखादा चाकरमानी सोबत आणतोच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कोणी जाणारं असेल तर तेही बरं. घेताना विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) उघडा आणि प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबा. पडद्यावरची पट्टी एकसारखी सरकायला हवी. मध्येच उडी मारत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग, झिजलाय किंवा त्यात ओल गेली आहे. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरवा. थर्माकोलसकट मूळ खोकं मागून घ्या, कोकणकन्येच्या गर्दीत ते उपयोगी पडतं.

ब्रेक आणि बसायची जागा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया गेले.

नवखा माणूस चाकाकडे बघतो. वेळ मात्र ब्रेकमध्ये असतो. वळणाआधी किती जोरात दाबला आणि आत शिरताना किती हळू सोडला, यावर पूर्ण लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, ठरतो. साधं पेडल किती खाली गेलं ते मोजतं. लोड सेल असलेलं पेडल किती जोराने दाबलं ते मोजतं. पायाला अंतरापेक्षा जोर चांगला लक्षात राहतो, म्हणून लोड सेलवर ब्रेक दर वेळी जवळजवळ सारखा लागतो. दोन न्यूटन-मीटरचं चाक ठेवून आधी लोड सेलचे पेडल घेतलेत तर तुम्ही लवकर सुधाराल, असा माझा अनुभव आहे. त्यात जोडीला क्लच नसला तरी काही बिघडत नाही, आधुनिक रेसिंग गाड्या क्लचशिवायच गिअर बदलतात.

पण हे सगळं खुर्ची जागेवर राहिली तरच. ऑफिसची चाकाची खुर्ची असेल तर ब्रेक मारला की तुम्ही मागे, पेडल पुढे. पेडलखालच्या रबराचा लादीवर काही उपयोग होत नाही. मी खुर्चीच्या चाकांखाली करवंट्या ठेवून पाहिल्या. चार दिवस छान चालल्या, पाचव्या दिवशी स्पाच्या पहिल्या वळणावर फुटल्या. मग काथ्याची दोरी घेऊन खुर्ची टेबलाच्या पायाला बांधली आणि पेडल एका फळीवर ठोकून फळी भिंतीला टेकवली. फुकटात एवढाच उपाय आहे आणि तो पुरतो. शक्य असेल तर चाकाची खुर्ची सोडून साधी लाकडी खुर्ची घ्या.

पुढची पायरी सांगाडा, ज्याला या छंदातले लोक रिग म्हणतात. बाहेरून मागवायची गरज नाही. आपल्याकडे सुतार आहे, फॅब्रिकेटर आहे आणि भंगारवाला आहे. भंगारात जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीची सीट रुळांसकट मिळते. रुळ सोडू नका, घरातल्या दुसऱ्या माणसाला बसायचं असेल तर सीट पुढेमागे होते. सांगाड्याला ४० बाय ४० मिलीमीटरचा लोखंडी चौकोनी पाइप, दोन मिलीमीटर जाडीचा. त्याला रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात, पाइपची उघडी तोंडं बंद करून. तोंडं उघडी राहिली तर खारी हवा आतून खाते आणि दोन पावसाळ्यांत जोडाजवळ भोकं पडतात. लाकडात करायचं असेल तर फणसाचं लाकूड उत्तम, नाहीतर १८ मिलीमीटरचं मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो. साधं प्लाय श्रावणापर्यंत फुगतं.

मेस्त्रीकडे जाताना मापं कागदावर नेऊ नका, चाक आणि पेडल घेऊनच जा. तिथे सीटवर बसा, टाच टेकवा, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील असं पेडलचं अंतर ठरवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट चाकाच्या वरच्या कडेवर यायला हवं. माझा मेस्त्री हे सगळं बघून म्हणाला, "बाबू, हेच्यापेक्षा खरी गाडी स्वस्त पडात." तो थोडा अतिशयोक्ती करत होता.

पूर येणाऱ्या ठिकाणी, चिपळूण-खेडकडे, रिग तळमजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ नंतर हे कुणाला सांगायला नको.

पावसाळा

जूनमध्ये लोक कॉम्प्युटर झाकून ठेवतात. हे बरोबर उलटं आहे. रोज तासभर तरी चालू करा, स्वतःच्या उष्णतेनेच तो कोरडा राहतो. प्लास्टिकचं झाकण घातलंत तर आत ओल कोंडते. सुती कापड बरं.

चाकाचं चामडं दर चार दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसा. हातांचा घाम आणि दमट हवा मिळून त्यावर पांढरी बुरशी धरते. खोबरेल तेल लावू नका, माझ्या मामाने लावलं होतं आणि चाकाला दोन आठवडे मोदकाचा वास येत होता. हँडब्रेक, हेडफोन वगैरे रोज न लागणाऱ्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. घरात लाकडी कपाट असेल तर आत जुन्या पद्धतीचा तारेचा झिरोचा बल्ब लावायची रीत अजून चालते. एलईडी लावून उपयोग नाही, तो तापतच नाही.

पेडलची पट्टी उड्या मारायला लागली तर पोटेन्शिओमीटरवर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा. गंज काढायचा स्प्रे तिथे वापरू नये. नवं घेताना हॉल सेन्सरचे पेडल मिळाले तर पहा, त्यात घासणारा भागच नसतो.

आणि मुंगळे, पाली, उंदीर. पाल पॉवर सप्लायमध्ये शिरून शॉर्ट करते, हे विनोदाने सांगत नाही. पेटीच्या मागच्या रिकाम्या फटी बंद करा. वायरी जमिनीवर सोडू नका, उंदीर त्यातली सगळ्यात महागडी शोधून काढतो.

सेटिंग, फार नाही

दोनच गोष्टी आधी करा. पहिली, दिसण्याचा कोन. २७ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर उभा कोन साधारण ३१ अंश येतो. असेटो कोर्सा हाच उभा कोन विचारतो. सुरुवातीला तो बराच मोठा असतो, त्यामुळे वळणं लांब आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. ३१ ठेवलंत की नळीतून बघितल्यासारखं वाटेल, दोन दिवसांत सवय होते, आणि ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज अचानक बरोबर यायला लागतो. मॉनिटर चाकाच्या मागे जितका जवळ आणता येईल तितका आणा.

दुसरी, फोर्स फीडबॅकचा जोर. तो पूर्ण शंभरावर ठेवला की जोराच्या वळणात मोटर आधीच कमाल मर्यादेला पोचलेली असते आणि त्यावरचं काहीच हाताला कळत नाही. याला क्लिपिंग म्हणतात. चाक जड लागणं म्हणजे चांगलं लागणं असा गैरसमज असतो. जोर कमी करत जा, लांब वळणात टायर सुटताना चाक हलकं पडल्याचं जाणवलं की तिथे थांबा. चाकाचं फिरणं ९०० अंशांवरच ठेवा.

महिनाभर एकट्याने

पहिला महिना ऑनलाइन जाऊ नका. असेटो कोर्सात अबार्थ ५०० घ्या आणि माज्योने हा इटलीतला अडीच किलोमीटरचा ट्रॅक लावा. गाडी लहान, पुढच्या चाकांवर ओढणारी, सावकाश. फेरारी खुणावेल, तिच्यात तुम्ही गवतावरच जास्त वेळ काढाल.

रस्त्यावर रंगीत रेघ दाखवणारी मदत दोन दिवस ठेवा, मग बंद करा. तिच्याकडे बघत राहिलात तर ट्रॅक पाठ होत नाही. ब्रेकच्या खुणा स्वतः शोधा: शंभर मीटरची पाटी, डांबराच्या रंगातला बदल, एखादं झाड. आंबोली घाटातला एसटीचा ड्रायव्हर धुक्यात कुठे गिअर पाडायचा हे कुठल्या पाटीवरून ठरवत नाही, त्याला तो ठरावीक दगड माहीत असतो.

क्रम असा: सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात, वळायला लागलं की ब्रेक हळूहळू सोडत, आतल्या कडेला गाडी टेकवून, चाक सरळ होईल तसा एक्सलेटर. सगळ्यांना वळणात वेगाने शिरावंसं वाटतं. हळू शिरून लवकर बाहेर पडणारा पुढच्या सरळ रस्त्यावर पूर्ण लांबीभर कमावतो. सलग दहा लॅप एकमेकांपासून अर्ध्या सेकंदाच्या आत आले आणि एकदाही गवतावर गेला नाहीत, की तयारी झाली. माझे यायला सात आठवडे लागले.

पहिली ऑनलाइन शर्यत

वायफाय नको, लॅनची वायर लावा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, किती यापेक्षा तो स्थिर आहे का ते महत्त्वाचं. युरोपातल्या सर्व्हरला माझा पिंग दीडशेच्या आसपास असतो आणि त्यावर चांगल्या शर्यती होतात. पण हिशेब ठेवा: ताशी २०० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते, म्हणजे १५० मिलिसेकंदांत आठ मीटर, जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. समोरची गाडी आत्ता कुठे असेल याचा गेम अंदाज लावत असतो, आणि तिने अचानक ब्रेक मारला की तो अंदाज चुकतो. म्हणून पुढच्याच्या शेपटाला चिकटू नका.

वेळही बघा. युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. शर्यती तेव्हा भरतात. शनिवार सोडून मी जात नाही.

कॉम्पेटिझिओने आणि इतर काही सिमसाठी लो फ्युएल मोटरस्पोर्ट ही ऑनलाइन शर्यती भरवणारी व्यवस्था फुकट आहे आणि लोक शिस्तीचे आहेत. आयरेसिंगमध्ये चूक गुणांत मोजतात: ट्रॅकबाहेर गेलात तर एक, गाडी फिरली तर दोन, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर चार. चूक कुणाची हे बघितलं जात नाही, दोघांनाही गुण लागतात. त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही, लांब राहण्यात आहे.

पहिल्या पाच शर्यती मुद्दाम सगळ्यात मागून सुरू करा. पहिल्या वळणावर निम्मे लोक एकमेकांवर चढतात, तुम्ही मागून बघत बघत पाच-सहा जागा वर येता. गाडी फिरली तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, म्हणजे गाडी घरंगळत नाही आणि मागून येणाऱ्यांना कुठून जायचं ते ठरवता येतं. पुन्हा ट्रॅकवर येताना सगळ्यांना जाऊ द्या. निळा झेंडा दिसला की तुम्हाला एक लॅपने मागे टाकणारा आलाय, आपली रेषा न सोडता त्याला वाट द्या, एकदम बाजूला उडी मारू नका.

शर्यत वीस मिनिटांची निवडा. माझा यूपीएस पूर्ण भरलेला असताना नऊ मिनिटं टिकतो. शर्यतीच्या दुसऱ्या अर्ध्यात लाईट गेली तर मॉनिटरचा उजेड तळाला नेतो, पंखा-दिवे आधीच गेलेले असतात, आणि घामाघूम होऊन झेंड्यापर्यंत चालवतो. पहिल्या अर्ध्यात गेली तर गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला थांबायच्या जागेत, लावतो आणि लाईट यायची वाट न बघता ओटीवर वाऱ्याला जाऊन बसतो.